मीरासाबचं भाडं

जेवण झाल्यावर रुद्रय्याअप्पांचा डोळा लागला, पण पुरता लागला नाही. दिवाळीत अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांची झोप अशीच झाली होती. नदीकाठी बसून पाय पाण्यात सोडावेत आणि पोहायला मात्र उतरू नये, तशी. माणसांचे आवाज कानावर यायचे, पण ते आत्ताचे की चाळीस वर्षांपूर्वीचे, हे कळत नसे. आणि कळलं नाही म्हणून आता त्यांचं काही अडतही नव्हतं.

सुट्टीचा वार होता. लक्ष्मीपुरीतल्या त्या गल्लीतली सगळी शटरं खाली होती. फक्त खालच्या गाळ्यात गैबी नदाफाचं पिंजायचं मशीन घुमत होतं. उघड्या खिडकीतून कापसाचा एक पुंजका वर आला, मार्चच्या उन्हात जरा रेंगाळला आणि आत यावं की नको असा विचार करत राहिला. अप्पांनी डावा हात उचलून त्याला बोलावलं. उजवा आता उचलत नव्हता.

मशीन थांबलं.

"गैबी आला बघ वर," अप्पांची बायको अक्काताई कुणाला तरी म्हणाल्या. "दानव्वा, च्या टाक. आन् बसवेशला सांग, आवाज चढवायचा न्हाय. अप्पा झोपल्यात."

झोपलो न्हाय, असं अप्पांना म्हणायचं होतं. पण तो पुंजका आता पलंगावर उतरत होता.

*

सून दानेश्वरीनं चहाचं आधण ठेवलं, तोच कुलसुम स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली. कुलसुम म्हणजे गैबीची बायको. दानेश्वरी निपाणीहून लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे वीस-बावीस वर्षं, तिला मावशीच म्हणत होती. मुलगी सुष्मिता झाली तेव्हा बाळंतपणात सासूच्या बरोबरीनं जागली होती ती कुलसुमच.

"दानव्वा, सांगितलंस का घरात?" कुलसुमनं हळूच विचारलं.

"न्हाय, मावशी."

"सांगू बी नको. पोरगं म्हणालंय, मीच येतो आन् मीच सांगतो."

"पण चाचांना?"

कुलसुमनं नुसती मान हलवली. गैबीलाही माहीत नव्हतं. तिचा मुलगा मुजम्मिल पुण्यात एका फोमच्या गाद्यांच्या कंपनीत चार वर्षं होता. त्याच कंपनीची कोल्हापूरची एजन्सी घेऊन तो परत आला होता, आणि त्याला बसायचं होतं ते बापाच्याच गाळ्यात. फोमच्या गाद्यांनी बापाचा धंदा बुडवला, आणि आता त्याच गाद्या मुलगा बापाच्या दुकानात मांडणार होता. हे घरात कसं सांगायचं म्हणून मायलेक आठवडाभर एकमेकांकडे बघत होते. परवा न राहवून कुलसुमनं ते दानेश्वरीजवळ बोलून टाकलं होतं.

दानेश्वरीनं ते नवऱ्यापासून लपवलं. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. अलीकडे बसवेश रात्री छताकडे बघत पडायचा, विचारलं तर "काय न्हाय" म्हणायचा. जो स्वतः काही सांगत नाही, त्याला आपण तरी का सांगावं, असं तिच्या मनात आलं असेल.

"आलं घाल थोडं," कुलसुम म्हणाली. "त्यांचा घसा बसलाय. सकाळपासनं काय बोलायचं त्येच घोकायला लागल्यात."

*

बाहेरच्या खोलीत चटई अंथरली होती. गैबी तिच्यावर मांडी घालून बसला. पंचावन्नचा असेल, पण दाढी पार पांढरी झाली होती आणि भुवयांवरही कापूस बसला होता, त्यामुळे कुठं दाढी संपते आणि कुठं कापूस सुरू होतो ते कळत नव्हतं. समोर खुर्चीत बसवेश. पलीकडे पलंगाजवळ अक्काताई.

"अक्का," गैबीनं सुरुवात केली, "महिनाअखेरीला गाळ्याच्या कराराची मुदत संपती."

"व्हय. ठाव हाय की."

"साडेचार हजार भाडं मला आता झेपत न्हाय. दोन करा. दोन न्हाय तर अडीच. चाळीस वर्सांत आमी कधी कमी करा म्हणून ही पायरी चढलो न्हाय. माझा बा बी न्हाय, मी बी न्हाय."

"चाचा, करार तुमीच केला न्हवं चार वर्सांमागं?" बसवेश म्हणाला.

"केला. तवा दिवसाला चार गाद्या जायच्या. आता आठवड्याला एक." गैबीनं घसा साफ केला. "परवा कोडोलीला गेलतो, मेव्हण्याकडं. उसाला लोकरी मावा पडलाय, बघितलास? पानापानाला पांढरी कीड. मला लांबनं वाटलं, रानात कुणी कापूसच पिंजलाय. शेतकऱ्याच्या हातात पैसा न्हाय, म्हणून लग्नं पुढं ढकलल्यात. आन् ज्याची झाली, त्यानं फोम नेला. हलका असतोय, मोटारसायकलवर मागं बांधून नेता येतोय. कापसाची गादी न्यायची तर टेंपो पायजे."

बसवेश ऐकत होता, पण त्याची नजर खिडकीबाहेर होती. समोरच्या गच्चीवर कुणाचं तरी धुणं हलत होतं. त्याला वाटलं, आपणही त्या दोरीवर असेच वाळत पडावं, कुणी काही विचारू नये. पण बोलायचं तर होतंच.

"चाचा, मी सरळ सांगतो. एक पार्टी आल्या. मोबाईलचं शोरूम करायचंय. तुमचा गाळा आन् शेजारचा आकारामचा, दोन्ही मधली भिंत काढून. गाळ्याला नऊ हजार देतो म्हणतोय."

आकारामचं भांड्यांचं दुकान आठ महिन्यांपूर्वी बंद पडलं होतं, त्या गाळ्याचं शटर तेव्हापासून उघडलं नव्हतं.

"म्हणजे मी उठू म्हणतोस?" गैबीनं विचारलं.

"मी तसं म्हटलं न्हाय."

"मग कसं म्हटलास?"

"बसव," अक्काताई म्हणाल्या, "ही पार्टी मला ठाव न्हाय. तुझ्या बाला ठाव हाय?"

"अव्वा, अप्पांना काय सांगायचं आता?"

चहाचे कप घेऊन दानेश्वरी आली होती, ती तिथंच थांबली. "एवढी काय नड हाय?" ती नवऱ्याला म्हणाली. "आपलं काय भाड्यावर चाललंय? तुमचा पगार हाय की."

"पगार कुठाय?"

बसवेशला एवढ्या मोठ्यानं म्हणायचं नव्हतं. पलंगावर अप्पांनी कूस बदलली. मग तो खालच्या आवाजात, चटईकडे बघत बोलला.

"दिवाळीपासनं कारखान्यानं पगार दिला न्हाय. ऊसच न्हाय तर कारखाना काय गाळणार? निम्मी माणसं घरी बसवल्यात. मी रोज डबा घेऊन जातो, हजेरी लावतो, आन् टेबलाला टेकून बसतो. अप्पांची औषधं, सुष्मीची फी... कुठनं आणतोय त्ये मलाच ठाव."

दानेश्वरीनं ट्रे चटईवर ठेवला. पाच महिने रोज सकाळी ती तो डबा भरत होती. तिला राग यायला हवा होता. पण डोळ्यांसमोर आला तो नवरा, रिकाम्या हॉलमध्ये एकटाच, डब्याचं झाकण उघडणारा. ती त्याच्या खुर्चीजवळ जाऊन उभी राहिली.

गैबीनं कप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. "एकाच किड्यानं आपल्या दोघांना खाल्लं म्हण की," तो म्हणाला.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. मुजम्मिल दारात आला. सत्तावीस वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाईल. आत येऊन बसावं की उभंच राहावं, हे त्याला ठरवता आलं नाही. तो चौकटीला टेकून उभा राहिला.

"बसवअण्णा, नऊ हजार मी देतो," तो म्हणाला. त्यानं जिन्यातच ऐकलं असावं. "भिंत काढायची गरज न्हाय. आमचा एकच गाळा पुरे. मला फोमची एजन्सी मिळाल्या. एक तारखेपासनं माल येतोय."

गैबीनं मान वर केली. आधी मुलाकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे. कुलसुमनं पदर तोंडाशी नेला.

"तुला ठाव हुतं?" त्यानं तिला विचारलं.

"व्हय."

"दानव्वाला?"

"तिला बी सांगितलं मी."

बसवेशनं मान वळवून बायकोकडे बघितलं. दानेश्वरी म्हणाली, "तुमी पगाराचं सांगितलं असतं तर मी ह्ये सांगितलं असतं."

"मी खाली पिंजत बसलोय," गैबी सावकाश म्हणाला, "आन् माझं पोरगं माझ्या डोक्यावर माझाच गाळा भाड्यानं मागतंय. भाडं कमी करा म्हणून मी हात जोडतोय, आन् त्यो दुप्पट देतो म्हणतोय." तो उठायला लागला. "अक्का, माझं काम झालं. येतो मी."

"अब्बा, ऐका तरी."

"काय ऐकू?"

"मीरासाब," पलंगावरून आवाज आला. "च्या टाकून कुठं निघालास?"

*

अप्पांचे डोळे उघडे होते. स्वच्छ, पाणीदार, आणि गैबीवर खिळलेले. मीरासाब म्हणजे गैबीचा बाप. तो जाऊन वीस वर्षं झाली होती.

"बस की," अप्पा म्हणाले. जीभ थोडी जड पडत होती, पण शब्द कळत होते. "भाड्याचं ठरवूया आन् मग जा."

गैबी अर्धवट उठलेला, तसाच राहिला. त्यानं अक्काताईंकडे बघितलं. अक्काताईंनी डोळ्यांनीच त्याला खाली बसायला सांगितलं. तो बसला.

"तुमी सांगा, अप्पा."

"अप्पा काय म्हणतोस मला? माझ्यापरास धा वर्सांनी मोठा तू."

गैबीच्या जिभेवर अप्पांचं नुसतं नाव आयुष्यात कधी आलं नव्हतं. ते उच्चारताना त्याला वाटलं, आपण कुणाच्या तरी बंद घराचं दार ढकलतोय.

"सांग, रुद्रय्या."

"हां. चाळीस रुपये म्हटलं हुतं. पस्तीस दे तू."

बसवेश पुढं झुकला. अक्काताईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आणि गैबीला पुढचं सगळं आठवलं. हा सौदा झाला तेव्हा तो तेरा वर्षांचा होता, बापाबरोबर आला होता. इमारत नवी कोरी होती, भिंतींना चुन्याचा वास होता, आणि गल्ली एवढी सुनसान की खालच्या गाळ्यांत एकही भाडेकरू आला नव्हता. पुढं कितीतरी वर्षं बाप जेवताना हा सौदा रंगवून सांगायचा. त्यातलं बोलणं न् बोलणं गैबीला पाठ होतं.

"पस्तीस झेपायचं न्हाय," तो म्हणाला. आवाज आपोआप बापासारखा खर्जात गेला. "वीस देतो."

"वीस? सिमेंट परमिटावर आणलंय मी. एकेका पोत्याला हेलपाटं घातल्यात."

"पण गल्लीत कुत्रं फिरकत न्हाय, रुद्रय्या. माणूस मी आणायचा, आन् भाडं तू घ्यायचं. मी न्हाय आलो तर ह्यो गाळा तसाच ऱ्हाणार."

अप्पा हसले. तोंडाची एकच बाजू हसली, पण खोलीतल्या सगळ्यांना ते हसू पुरं दिसलं. उन्हाचा पट्टा पलंगावरून चटईवर सरकला होता आणि त्यात कापसाचे तंतू तरंगत होते, वरही जात नव्हते, खालीही येत नव्हते. दानेश्वरीला वाटलं, ह्या खोलीत आता कोणतं साल आहे, ते कुणीच कुणाला विचारू नये.

"पंचवीस," अप्पा म्हणाले. "आन् घरपट्टी माझी. झालं?"

"झालं."

"किती वर्सं बसणार?"

गैबीला बापाचं उत्तर ठाऊक होतं. "पोरगं हाताशी येईस्तवर," तो म्हणाला. पुढं आणखी एक वाक्य होतं. ते त्यानं गाळलं.

मग त्याचं त्यो बघंल. असं म्हणाला होता बाप. आणि म्हटल्याप्रमाणे वागलाही होता. गैबी हाताशी आला, त्यानं बापाची पिंजायची धनुकली माळ्यावर टाकली आणि विजेचं मशीन आणलं. त्या दिवशी मीरासाब दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. त्या धनुकलीच्या तारेचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, तो बंद झाला. पण मशीन वाईट आहे असं तो एकदाही म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं विचारलं होतं, ह्याचं बटण कुठं हाय रं?

ते गैबी पार विसरून गेला होता.

"मीरासाब," अप्पा म्हणाले. त्यांची नजर आता दारावर गेली होती. "त्ये पोरगं मघापासनं उभं हाय. बसीव की त्याला."

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. मुजम्मिल चौकटीला टेकलेला होता, फाईल छातीशी धरलेली. आपल्याबद्दल बोलतायत हे त्याला कळलं, पण अप्पांच्या लेखी आपण कोण आहोत ते कळलं नाही.

गैबीनं एक हात टेकला, अंग उचललं आणि चटईवर थोडं बाजूला सरकला. मोकळ्या झालेल्या जागेवर पंजानं दोनदा थापटलं.

"ये," तो म्हणाला. "बस हितं."

मुजम्मिल आला आणि बापाच्या शेजारी बसला. अप्पांनी समाधानानं मान हलवली. त्यांचे डोळे मिटले, आणि या वेळी ते झोपेच्या पाण्यात पुरते उतरले.

*

"बसव," अक्काताई म्हणाल्या, "तुझ्या बानं तुझ्यादेखत चाळीसाचं पंचवीस केलं. आन् त्याच गाळ्याच्या भाड्यावर तू शिकलास. आता तू बोल."

बसवेशनं दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "मुजम्मिल, नऊ म्हणालास न्हवं?"

"नऊ कोण देतंय?" गैबी म्हणाला.

मुजम्मिलनं चमकून बापाकडे बघितलं.

"तू गप," गैबी त्याला म्हणाला. "पुण्यातनं आलास तू. ह्या गल्लीचा धंदा मला ठाव हाय. जून ते गणपती हितं गिऱ्हाईक फिरकत न्हाय. नऊ कबूल केलंस तर दसऱ्याला दुकान विकशील." तो बसवेशकडे वळला. घसा बसलेला, पण त्यात आता धार आली होती. "पयलं वर्स साडेपाच. दुसऱ्या वर्साला साडेसहा. तिसऱ्याला बसून बोलू. पट्टी तुझी, रंग आमचा."

"चाचा, मघाशी अडीच म्हणत हुता!"

"ते कापसाचं हुतं. ह्ये फोमचं हाय."

कुलसुमला हसू फुटलं. ते लपवायला ती आत वळली.

बसवेशनं बायकोकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी त्यानं तिला असं विचारलं होतं, न बोलता. दानेश्वरीनं मान हलवली आणि मग स्वतःच बोलली, "तीन महिन्यांचं आगाऊ द्या, चाचा. ह्यांच्या पगाराचं काय हुतंय त्ये कळंपर्यंत आमचं घर निभंल."

"देतो की. कंपनीनं दुकान सजवायला पैसं दिल्यात, त्यातनं देतो," मुजम्मिल म्हणाला. "सजावट मागनं करू."

"आन् मोबाईलवाल्याला?" अक्काताईंनी विचारलं.

"आकारामचा एकटा गाळा घेतो का बघतो," बसवेश म्हणाला. "घेईल न्हायतर जाईल." तसं म्हणताना त्याचा आवाज फार खात्रीचा नव्हता. खरंच, तो माणूस पुढं आलाच नाही. आकारामचं शटर त्यानंतर आणखी दीड वर्ष बंदच राहिलं. पण त्या दुपारी ते कुणाला ठाऊक नव्हतं.

"अब्बा, मशीन मागल्या खोलीत ऱ्हाऊ दे," मुजम्मिल म्हणाला.

"न्हाय. फोमवर कापूस बसला तर गिऱ्हाईक जुना माल म्हणून परत जातंय. कोडोलीला नेऊन ठेवतो. तिकडं अजून रजईला, उशीला कापूस लागतोय लोकांना. आठवड्यातनं दोन दिस जाईन."

"आन् बाकीचं दिस?"

गैबीनं गार झालेला चहा एका घोटात संपवला. अक्काताईंना नमस्कार केला, पलंगाजवळ जाऊन अप्पांच्या पायाशी क्षणभर थांबला आणि जिन्याकडे वळला. मुजम्मिल मागोमाग उतरू लागला.

जिना अरुंद होता आणि अर्ध्यात वळत होता. वळणावरच्या झरोक्यातून दुपारचं पिवळं ऊन आत आलं होतं. गैबी तिथं थांबला. कठड्याला हात धरून, मागं न बघताच त्यानं विचारलं, "ती फोमची गादी उन्हात टाकावी लागती का रं?"

"न्हाय अब्बा. उन्हात टाकली तर पिवळी पडती. पोपडं सुटत्यात."

गैबी तसाच उभा राहिला, जणू फार मोठी गोष्ट कुणी सांगितली होती.

"बरं झालं इचारलं," तो म्हणाला. "गिऱ्हाइकानं इचारलं असतं, तर मी टाका म्हणून सांगितलं असतं."